इंग्रजीच्या शिक्षकाची पहिली परिषद : निवड, तयारी आणि सहभाग

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी भारतात आणि भारताबाहेर दरवर्षी अनेक परिषदा, कार्यशाळा आणि चर्चासत्रे भरतात. तरीही जिल्हा परिषदेच्या, खासगी अनुदानित शाळांतील आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतील बरेच शिक्षक नोकरीची दहा-पंधरा वर्षे उलटली तरी एकाही परिषदेला गेलेले नसतात. परिषद ही विद्यापीठातील प्राध्यापकांची गोष्ट आहे, तिथे आपले इंग्रजी तोकडे पडेल, रजा मिळणार नाही, खर्च झेपणार नाही, अशी कारणे ते सांगतात. रजा आणि खर्च यांची अडचण खरी आहे आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. उरलेल्या दोन शंका मात्र पहिल्याच दिवशी फिटतात, कारण या परिषदांतील मोठा श्रोतृवर्ग वर्गावर शिकवणाऱ्यांचाच असतो आणि तमिळ, बंगाली, नेपाळी, अरबी अशा नाना वळणांचे इंग्रजी तिथे एकाच सभागृहात सहज बोलले जाते. हा लेख पहिल्यांदाच जाऊ इच्छिणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांसाठी आहे. जर्मन, फ्रेंच किंवा मराठी शिकवणाऱ्यांनाही त्यातील बराच भाग उपयोगी पडेल.

आधी प्रश्न ठरवावा

परिषदेची जाहिरात पाहून विषय शोधण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण माझ्या मते हा क्रम उलटा असावा. जाण्याच्या निदान एक शैक्षणिक सत्र आधीपासून आपल्या वर्गातील एकच अडचण निवडावी आणि तिच्याविषयी आठवड्यातून दोन-तीनदा वहीत चार ओळी लिहाव्यात. 'मुलांचे इंग्रजी कच्चे आहे' ही अडचण नव्हे, कारण तिच्यावर कोणाशीही नेमके बोलता येत नाही. 'आठवीची मुले जोडीने उतारा वाचतात तेव्हा आपसात मराठीत बोलतात. त्या बोलण्याने त्यांना उतारा समजायला मदत होते की ती विषय सोडून भरकटतात?' हा मात्र प्रश्न आहे. त्यासाठी मुलांचे बोलणे टिपता येते, दोन वर्गांची तुलना करता येते आणि परिषदेत भेटलेल्या ओडिशाच्या किंवा केरळच्या शिक्षकाला 'तुमच्याकडे काय होते?' असे विचारता येते. परिषद निवडणे, प्रस्ताव (म्हणजे आपण तिथे काय सादर करणार याचा थोडक्यात मजकूर) लिहिणे, कोणत्या सत्राला बसायचे हे ठरवणे आणि अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणे, ही पुढची सगळी कामे असा प्रश्न हाताशी असला की सोपी होतात.

सुरुवात जवळून करावी

आपल्या राज्यात केंद्रस्तरावर होणाऱ्या शिक्षण परिषदेला पुष्कळदा सूचना ऐकण्याचे स्वरूप येते, पण केंद्रप्रमुखांना आधी सांगून वीस मिनिटे मागून घेतली, तर आपल्या वर्गातील एखादा प्रयोग मांडण्याचा पहिला सराव तिथेच होतो. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या 'तेजस' प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसून इंग्रजीच्या तासांविषयी चर्चा करत असत. त्या गटांत काम केलेले शिक्षक आजही अनेक तालुक्यांत आहेत आणि नवख्याला मार्ग दाखवण्यासाठी त्यांच्याइतकी योग्य माणसे क्वचितच सापडतील. विदर्भात भंडाऱ्यासारख्या ठिकाणी इंग्रजीच्या शिक्षकांनी कोणाच्याही आदेशाशिवाय स्वतःचे क्लब चालवले. कार्यालयाच्या पत्राची वाट न पाहता शिक्षक एकत्र येऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले आणि मला त्याचे मोल फार वाटते.

ऑनलाइन व्याख्याने हाही जवळचाच मार्ग आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि शिक्षकसंघटना यांची कित्येक व्याख्याने विनामूल्य असतात आणि मोठ्या परिषदांतील जुन्या भाषणांच्या चित्रफिती यूट्यूबवर सापडतात. जाण्यापूर्वी त्यांतील तीन-चार पाहिल्या, तर वक्ता किती वेळात किती सांगतो आणि श्रोते प्रश्न कसे विचारतात याचा अंदाज येतो.

कोणती परिषद निवडावी

भारतात प्रामुख्याने दोन संघटनांकडे लक्ष ठेवावे. 'इंग्लिश लँग्वेज टीचर्स असोसिएशन ऑफ इंडिया', म्हणजे एल्टाय, ही चेन्नईस्थित संस्था १९७४ साली नोंदली गेली. तिच्या शाखा अनेक राज्यांत आहेत आणि तिच्या वार्षिक परिषदेत महाविद्यालयीन प्राध्यापकांची संख्या मोठी असते. 'ऑल इंडिया नेटवर्क ऑफ इंग्लिश टीचर्स', म्हणजे आयनेट, हे तुलनेने नवे जाळे असून वर्गातील शिक्षकाने स्वतः केलेल्या छोट्या संशोधनाला तिथे विशेष स्थान आहे. शाळेतील शिक्षकाने पहिली परिषद म्हणून आयनेटची निवडावी, असे मी आवर्जून सुचवेन. शिक्षक-प्रशिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिलने 'टेक' नावाची परिषदमालिका चालवली आणि २०१६ मध्ये ती पुण्यात भरली होती. असा एखादा कार्यक्रम आपल्या शहराजवळ आला, तर प्रवासाचा आणि निवासाचा खर्च वाचतो, म्हणून अशी संधी सोडू नये.

इतर भाषांच्या शिक्षकांसाठीही वाटा आहेत. जर्मन शिकवणाऱ्यांची जागतिक परिषद २०२२ मध्ये व्हिएन्ना येथे आणि २०२५ मध्ये ल्युबेक येथे भरली. पुण्यात जर्मनचे वर्ग जितक्या मोठ्या प्रमाणावर चालतात, ते पाहता तिथल्या शिक्षकांना मॅक्सम्यूलर भवनाच्या कार्यशाळांतून पुढची वाट धरता येते. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. तिथे इतर राज्यांतील शिक्षकांना मराठी शिकवली जाते, त्यामुळे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्यांनी त्या केंद्राशी संपर्क ठेवावा.

निवड करताना एक सावधगिरी बाळगलीच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि त्यानंतर चर्चासत्रे आणि त्यांची प्रमाणपत्रे यांना मोठी मागणी आली. त्यातून असे कित्येक कार्यक्रम उभे राहिले, की जिथे एका दिवसात शंभरेक निबंध 'सादर' होतात, श्रोत्यांत केवळ आपल्या पाळीची वाट पाहणारे वक्तेच असतात आणि शुल्क भरले की निबंध आयएसबीएन क्रमांकाच्या पुस्तकात छापून येतो. नव्या शिक्षकाचा पैसा आणि उमेद या दोन्हींची तिथे नासाडी होते, म्हणून मला याचा मनापासून राग येतो. असा कार्यक्रम ओळखण्याच्या खुणा सरळ आहेत. विषयपत्रिकेत इंग्रजी अध्यापनापासून वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र आणि क्रीडा यांपर्यंत सगळे काही असते. प्रस्ताव पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकृती येते. 'अनुपस्थितीत सादरीकरण' करण्याची सोय वेगळ्या शुल्कात दिलेली असते. आणि मागील वर्षीचा तपशीलवार कार्यक्रम कुठेच पाहायला मिळत नाही. यांतील दोन खुणा जरी दिसल्या, तरी पैसे भरू नयेत.

रजा आणि पैसा

रजेचा अर्ज प्रस्ताव स्वीकारला गेल्यानंतर नव्हे, तर प्रस्ताव पाठवण्याच्या वेळीच वरिष्ठांच्या कानावर घालावा. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी अनुदान आयोगाच्या नियमांत परिषदा, उजळणी वर्ग इत्यादींसाठी एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्यरजेची तरतूद आहे आणि प्राचार्यांना दिलेल्या अर्जात तिचा उल्लेख करावा. शाळांतील शिक्षकांची स्थिती अधिक अवघड आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, तर अनुदानित शाळेत संस्थेची संमती महत्त्वाची ठरते. अर्जासोबत निमंत्रण किंवा स्वीकृतीचे पत्र, परिषदेचे वेळापत्रक आणि आपल्या गैरहजेरीत वर्ग कोण घेणार याची लेखी योजना जोडावी. ही शेवटची जोड बहुतेक जण विसरतात, पण मुख्याध्यापकांचा मुख्य प्रश्न तोच असतो आणि त्याचे उत्तर अर्जातच असले की होकार मिळणे पुष्कळ सोपे जाते.

खर्चाचा हिशेब करताना नोंदणी शुल्काकडे सगळ्यांचे लक्ष जाते. वास्तविक पाहता प्रवास आणि निवास यांचाच भार मोठा असतो. सवलतीच्या शुल्काची मुदत बहुधा परिषदेच्या दोन-तीन महिने आधी संपते आणि सदस्यांना आणखी सूट मिळते, म्हणून आधी वार्षिक सदस्यत्व घेऊन मग नोंदणी करणे अनेकदा स्वस्त पडते. रेल्वेचे तिकीट स्वीकृतीच्या दिवशीच काढावे. यजमान महाविद्यालयाच्या वसतिगृहात सोय होते का, हे आयोजकांना विचारण्यात संकोच करू नये. मुक्कामासाठी वसतिगृह हॉटेलपेक्षा चांगले, कारण रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पांत ज्या ओळखी होतात त्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मिळत नाहीत. प्रत्येक पावती जपून ठेवावी. संस्था नंतर काही रक्कम देऊ शकली, तर मूळ पावतीशिवाय देणार नाही.

प्रस्ताव लिहिताना

पहिल्या वेळी केवळ श्रोता म्हणून जाण्यात काहीही गैर नाही, पण जमत असेल तर एखादे छोटे सादरीकरण करावे, कारण त्यानंतर लोक स्वतःहून येऊन बोलतात. प्रस्ताव साधारणपणे दोन-अडीचशे शब्दांचा असतो आणि तो वाचणाऱ्यांसमोर असे शेकडो प्रस्ताव असतात. 'ग्रामीण महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनाच्या समस्या व उपाय' या अर्थाचे शीर्षक त्यांनी इतक्या वेळा वाचलेले असते, की पुढचा मजकूर कितीही चांगला असला तरी तो मागे पडतो. त्याऐवजी वर सांगितलेला आठवीच्या वर्गाचा प्रश्न शीर्षकातच आणावा. पहिल्या दोन वाक्यांत वर्गाची परिस्थिती सांगावी : इयत्ता, विद्यार्थिसंख्या, माध्यम, तासांची संख्या. पुढे आपण काय केले, किती काळ केले आणि काय नोंदवले हे लिहावे. शेवटी श्रोत्यांच्या हाती काय लागेल ते एका वाक्यात सांगावे. भाषाशिक्षणाचा इतिहास, इंग्रजीचे जागतिक महत्त्व, धोरणांचा आढावा यांना प्रस्तावात जागा देऊ नये.

मुलांची छायाचित्रे, वह्यांची पाने किंवा ध्वनिमुद्रण दाखवायचे असेल तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी आणि मुलांची नावे झाकावीत.

परिषदेच्या दिवसांत

कार्यक्रमपत्रिका हाती येताच, शक्यतो आदल्या रात्री, पेन्सिल घेऊन बसावे. एकाच वेळी पाच-सहा सत्रे समांतर चालू असतात, म्हणून प्रत्येक वेळेसाठी एक पहिली आणि एक दुसरी पसंती लिहून ठेवावी. पहिल्या खोलीत जागा नसली किंवा वक्ता आलाच नाही तर बाहेर घुटमळावे लागत नाही. बीजभाषणे ऐकावीत, परंतु दिवसभर मोठ्या सभागृहातच बसून राहू नये. नामवंत वक्त्यांचे विचार त्यांच्या पुस्तकांतही मिळतात. बिहारमधील एखाद्या शिक्षिकेने सत्तर मुलांच्या वर्गात श्रवणाचा तास कसा घेतला, हे मात्र त्या दुपारच्या लहान खोलीतच ऐकायला मिळते. दिवसाला चार-पाच सत्रे पुरेत. त्याहून अधिक ऐकलेले लक्षात राहत नाही, आणि दोन सत्रांच्या मधला वेळ लोकांशी बोलण्यासाठी मोकळा ठेवणे तितकेच आवश्यक आहे.

टिपणे काढताना वक्त्याचा प्रत्येक मुद्दा उतरवू नये. पानाच्या डाव्या बाजूला ऐकलेली गोष्ट आणि उजव्या बाजूला 'माझ्या वर्गात हे कसे होईल' असे दोन रकाने करावेत आणि उजवा रकाना भरला नाही तर ते सत्र आपल्यासाठी नव्हते असे समजावे.

अनोळखी लोकांशी बोलण्याचा संकोच सगळ्यांनाच असतो. चहाच्या वेळी आपल्या जिल्ह्यातून आलेल्या ओळखीच्या घोळक्यात उभे राहण्याचा मोह होतो. तो निदान दिवसातून एकदा आवरावा. ज्यांचे सत्र ऐकले त्यांच्याजवळ जाऊन त्यातील एका नेमक्या गोष्टीविषयी विचारणे हा बोलण्याचा सर्वांत सोपा आरंभ आहे, कारण आपले म्हणणे कोणी लक्षपूर्वक ऐकले याचा आनंद प्रत्येक वक्त्याला होतो. पूर्ण नाव, शाळा, गाव आणि ईमेल पत्ता लिहिलेल्या लहान चिठ्ठ्या जवळ असाव्यात. फोन क्रमांक घेतल्यावर त्याच रात्री दोन ओळींचा संदेश पाठवून आपली ओळख करून द्यावी, नाहीतर महिन्याभराने ते नाव कोणाचे हे दोघांनाही आठवत नाही.

सादरीकरण असेल तर वेळेची तयारी दोन प्रकारे करावी. आपल्याकडे दीपप्रज्वलन, सत्कार आणि मान्यवरांची मनोगते यांत उद्घाटन लांबते आणि मग पंधरा मिनिटांचे सादरीकरण आठ मिनिटांत उरकण्याची विनंती येते. म्हणून पूर्ण आवृत्तीबरोबर आठ मिनिटांची आवृत्तीही घरीच तयार ठेवावी. त्या आवृत्तीत प्रास्ताविक गाळावे. वर्गातील उदाहरण गाळू नये. कागदावरून वाचून दाखवणे कटाक्षाने टाळावे. स्लाइड दहाच्या आसपास असाव्यात, अक्षर शेवटच्या रांगेतून दिसेल इतके मोठे असावे आणि फाइल पेनड्राइव्हवर, ईमेलवर आणि पीडीएफ रूपात अशी तीन ठिकाणी असावी. मराठी मजकूर असेल तर पीडीएफ लागतेच, कारण दुसऱ्याच्या संगणकावर देवनागरी अक्षरे फुटतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर 'मी हे पाहिलेले नाही, तुमचा अनुभव सांगाल का?' असे विचारावे. त्यातून होणारी चर्चा पुष्कळदा मूळ सादरीकरणापेक्षा उपयुक्त ठरते.

परदेशातील परिषद : आयाटेफलचे उदाहरण

देशातील एक-दोन परिषदांचा अनुभव झाल्यावर ब्रिटनमधील आयाटेफल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परिषदेचा विचार करावा. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेची वार्षिक परिषद ब्रिटनमधील निरनिराळ्या शहरांत भरते : २०२३ मध्ये हॅरोगेट, २०२४ मध्ये ब्रायटन आणि २०२५ मध्ये एडिंबरा. मुख्य परिषदेच्या आदल्या दिवशी विशेष अभ्यासगटांचे स्वतंत्र कार्यक्रम असतात. नवख्याला हजारो लोकांच्या गर्दीत हरवल्यासारखे होते, पण या आदल्या दिवशी एकाच विषयातील मोजकी माणसे दिवसभर एकत्र बसतात आणि पुढचे दिवस मग परके वाटत नाहीत. पहिल्यांदाच आलेल्यांसाठी परिषदेचा लाभ कसा घ्यावा हे सांगणारे सत्र सकाळी लवकर ठेवलेले असते. ते चुकवू नये. पेचाकुचा नावाचा एक रंजक प्रकारही तिथे असतो : प्रत्येक वक्त्याला २० स्लाइड, प्रत्येक स्लाइडला २० सेकंद, म्हणजे एकूण ६ मिनिटे ४० सेकंद.

आपल्यापुढची अडचण वेळापत्रकाची आहे. ही परिषद बहुधा एप्रिलमध्ये येते, म्हणजे आपल्याकडे वार्षिक परीक्षा, निकालपत्रके आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिकांची तपासणी यांच्या ऐन धामधुमीत. त्यामुळे रजेचे बोलणे आधीच्या दिवाळीपूर्वीच करावे आणि उत्तरपत्रिकांच्या कामाबाबत विभागीय मंडळाशी वेळेत पत्रव्यवहार करावा. प्रस्तावांची मुदतही साधारणपणे आधीच्या वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस संपते.

खर्च स्वतःच्या पगारातून करणे बहुतेकांना शक्य नाही आणि तसे करण्याचा आग्रहही कोणी धरू नये. यासाठी शिष्यवृत्त्या आहेत. १९६१ मध्ये स्थापन झालेला ए. एस. हॉर्नबी शैक्षणिक न्यास जगभरातील इंग्रजीच्या शिक्षकांना मदत करतो आणि आयाटेफलच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांत प्रवास, निवास आणि नोंदणी यांचा खर्च मोठ्या प्रमाणात भागतो. अर्जात हलाखीचे वर्णन करण्यापेक्षा आपण वर्गात काय केले आणि परत आल्यावर ते कोणाकोणापर्यंत पोहोचवणार, हे तपशिलाने सांगितलेले अधिक परिणामकारक ठरते. ज्याने तालुक्यात शिक्षकांचा गट चालवला आहे त्याच्याजवळ हे सांगण्यासारखे खूप काही असते.

पासपोर्टसाठी शासकीय कर्मचाऱ्यांना ना हरकत प्रमाणपत्र किंवा कार्यालयाला दिलेल्या पूर्वसूचनेचे पत्र लागते, शिवाय परदेशप्रवासाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ही कागदपत्रे टेबलावरून टेबलावर फिरत राहतात, म्हणून स्वतः पाठपुरावा करावा. ब्रिटनच्या पाहुणा-व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेपूर्वी जास्तीत जास्त ३ महिने आधी अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारणपणे ३ आठवडे लागतात. परिषदेचे निमंत्रणपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, बँकेचे तपशील, पगारपत्रके आणि रजा मंजुरीचा आदेश जोडावा. जिल्हा परिषदेचे आदेश मराठीत असतात आणि व्हिसा अर्जासाठी त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते; ही गोष्ट अगदी शेवटी लक्षात येते आणि धावपळ होते.

परतल्यानंतर

पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत. वहीच्या उजव्या रकान्यातून एकच गोष्ट निवडून ती एका वर्गात करून पाहावी. ज्यांच्याशी ओळख झाली त्यांतील दोघा-तिघांना आपला अनुभव लिहून कळवावा. उपस्थितीचे प्रमाणपत्र, पावत्या आणि दोन पानांचा अहवाल मुख्याध्यापकांकडे द्यावा. अहवालात उद्घाटन कोणी केले याऐवजी आपल्या शाळेत काय करता येईल हे लिहावे, कारण पुढच्या वर्षी आपल्यासाठी किंवा दुसऱ्या सहकाऱ्यासाठी रजा मागताना हाच कागद कामी येतो.

त्यानंतर पुढच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत वीस मिनिटे मागून घ्यावीत आणि जे वर्गात करून पाहिले त्याचेच प्रात्यक्षिक दाखवावे. त्या बैठकीत जो सहकारी थांबून प्रश्न विचारेल, त्याच्यासोबत पुढच्या परिषदेसाठी संयुक्त प्रस्ताव लिहावा. दोघांच्या वर्गांतील नोंदी एकत्र आल्या की तुलना करता येते, सादरीकरणाचे काम वाटले जाते आणि निवासाचा खर्चही विभागला जातो.